ऑनलाइन मागवलेला झोपाळा, टेबल-खुर्ची घरीच जोडताय? आधी हे वाचा

बाल्कनी, गच्ची किंवा अंगणासाठी ऑनलाइन मागवलेलं फर्निचर बहुतेक वेळा सुट्या भागांत येतं. सपाट खोक्यातून ते पाठवणं स्वस्त पडतं आणि जोडणीचं काम आपल्याकडे येतं. हे फर्निचर ऊन-पाऊस झेलणार असतं, शिवाय झोपाळ्यावर माणसाचा पूर्ण भार असतो. त्यामुळे जोडणी नीट होणं महत्त्वाचं.

खोकं उघडताना काय करावं?

पॅकिंग फोडतानाचा व्हिडिओ काढा. माहितीपत्रकातल्या यादीनुसार बोल्ट, नट, वॉशर मोजून घ्या. एखादा भाग कमी किंवा वाकलेला असेल तर जोडणी सुरूच करू नका. जोडलेली वस्तू परत करताना अडचण येऊ शकते.

बोल्ट एकदम का आवळू नयेत?

सोबत आलेल्या एल आकाराच्या किल्लीने पहिलाच बोल्ट घट्ट केला, तर शेवटची भोकं जुळत नाहीत. मग जोर लावला जातो आणि आटे खराब होतात. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. खुर्ची सपाट जमिनीवर उभी करा, चारही पाय टेकतायत ना ते पाहा आणि मग आळीपाळीने आवळा. जोडणी जुनी चादर किंवा पुठ्ठ्यावर करा. लोखंडी सांगाड्यावरचा रंगाचा थर खरवडला, की तिथूनच गंज सुरू होतो.

झोपाळा कुठे टांगावा?

छताला टांगायचा झोपाळा फक्त काँक्रीटच्या स्लॅबला किंवा भक्कम तुळईलाच टांगा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला किंवा नुसत्या प्लास्टरला हूक लावणं धोक्याचं आहे. झोका घेताना हुकावर येणारा ताण नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो. त्यासाठी स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवावा लागतो. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्या. स्टँडचा झोपाळा असेल तर खालची बैठक पूर्ण टेकलेली हवी. घरात लहान मुलं असतील तर झोपाळा, खुर्ची किंवा टेबल बाल्कनीच्या कठड्याजवळ ठेवू नका. त्यावर चढून मूल कठड्यापलीकडे जाऊ शकतं.

पावसाळ्यात काय?

खरा वेत पाण्याने खराब होतो, प्लास्टिकचा वेत टिकतो. कोकण, मुंबई, गोव्याच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी बोल्ट लवकर गंजतात. तिथे स्टेनलेस स्टीलचे घ्या. वापराने बोल्ट सैल होतात, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी ते तपासा.

भाग सदोष निघाला तर?

आधी वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत मिळायला हवी आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर संपर्क साधता येतो. तिथे सुरुवातीला काढलेला व्हिडिओ आणि बिल उपयोगी पडतं.