टायमिंग बेल्ट आणि पिकअपचे डिझेल इंजिन

रस्त्यावर अजूनही एखादी जुनी क्वालिस दिसते. २००० साली ती भारतात आली तेव्हा तिच्या बॉनेटखाली २४४६ घन सेंटिमीटरचे ‘२एल’ डिझेल इंजिन होते. याच घराण्याची इंजिने टोयोटाच्या हायलक्स पिकअपमध्ये त्याआधी दोन दशके जगभर धावत होती. अशा अनेक हायलक्सच्या डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ असे लिहिलेला एक छोटा दिवा असे. एक लाख किलोमीटर झाले की तो पेटायचा. गाडी तेव्हा व्यवस्थित चालत असे, आवाज नाही, धूर नाही. तरी दिवा सांगत असे की टायमिंग बेल्ट बदला. या दिव्यामागचा इतिहास आज पाहू.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. डिझेल इंजिनात तिसरा गडी असतो, इंजेक्शन पंप. तोही क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ वेगळी लावता येते. डिझेलमध्ये इंधन ज्या क्षणी सिलिंडरमध्ये शिरते तोच ठिणगीचा क्षण. म्हणून पंप चुकला की ज्वलनच चुकले.

ट्रकच्या जुन्या इंजिनांत या तिघांना गिअर एकत्र बांधत. कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारीच असे, त्यामुळे दोन-तीन गिअरमध्ये काम भागे. कारखान्यात एकदा खुणा जुळवल्या की इंजिन पूर्ण उघडेपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. गिअर जड, महाग आणि आवाज करणारे. पण ट्रकमध्ये कोण तक्रार करणार?

दातेरी पट्टा मात्र मोटारीसाठी जन्मलाच नाही. अमेरिकेतील गिल्मर कंपनीत रिचर्ड केस यांनी १९४० च्या दशकात तो बनवला, तो शिवणयंत्रासाठी. वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा ताल चुकला की टाका पडत नाही, आणि साधा पट्टा तर घसरतो. आपल्या क्रँक-कॅमचीही नेमकी हीच अडचण. १९६२ मध्ये जर्मनीच्या ‘ग्लास १००४’ या मोटारीने तो मोठ्या उत्पादनात आणला. कॅमशाफ्ट सिलिंडर हेडवर गेले होते. तिथवर गिअरची रांग लावण्यापेक्षा पट्टा हलका, स्वस्त, शांत, आणि त्याला तेलही लागत नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर छोट्या गाड्यांना डिझेल हवे झाले. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये गोल्फला १.५ लिटरचे डिझेल इंजिन दिले आणि कॅमशाफ्ट व इंजेक्शन पंप दोन्ही एकाच पट्ट्यावर टाकले. गोल्फवर बेतलेली पिकअप १९७९ पासून अमेरिकेत बनू लागली, तीही डिझेलमध्ये मिळे. त्याच सुमारास हायलक्समध्येही ‘एल’ डिझेल आले.

पण रबर म्हातारे होते. उष्णतेने कडक होते, तेल लागले तर फुगते, आतले काचतंतू तुटतात. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबते, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन वर येते. डिझेलमध्ये हवा वीस-बावीस पट दाबायची असल्याने पिस्टनच्या माथ्यावर जागाच उरत नाही. व्हॉल्व्ह वाकतात. म्हणजे जे घड्याळ कारखाना एकदा लावून देत असे, ते आता दर लाख किलोमीटरला गल्लीतल्या मेकॅनिकने लावायचे. माझ्या मते इंजिनाच्या इतिहासातला हा मोठा बदल आहे आणि पाठ्यपुस्तके त्याला एक ओळही देत नाहीत.

टायमिंग लावणे म्हणजे काय? पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या शेवटी, पिस्टन अगदी वर. क्रँक, कॅम आणि पंप यांच्या पुल्यांवरच्या खुणा आपापल्या जागी. मग पट्टा चढवायचा, टेन्शनर सैल ठेवून स्प्रिंगला ताण देऊ द्यायचा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवायचा, खुणा पुन्हा पाहायच्या आणि मगच टेन्शनर कसायचा. दोनच फेऱ्या का? एका फेरीनंतर कॅमची खूण कुठे असेल, ते वहीत काढून पाहा.

वाचायला सोपे वाटते. खरी खोडी पंपाची. पट्टा काढला की त्याच्या आतल्या स्प्रिंगा पुलीला खुणेवर थांबू देत नाहीत. हात सोडला की ती थोडी मागे सरकते. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या इंजिनावर एका बॅचने असाच एक दात चुकवला, आणि खुणा तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारा मीच होतो. इंजिन कसेबसे सुरू झाले आणि वर्ग पांढऱ्या धुराने भरला. समजा क्रँकच्या पुलीला २४ दाते आहेत. एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंश. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, सुमारे ०.६ मिलिसेकंद. तरी इंधन इतके उशिरा शिरते की त्यातले बरेचसे न जळताच बाहेर पडते. म्हणूनच पट्टा बसल्यावरही पंपाचे अंग किंचित फिरवून, डायल गेज लावून एखाद्या अंशाची दुरुस्ती करावी लागते.

२०१५ मध्ये हायलक्सला नवी ‘जीडी’ इंजिने मिळाली आणि पट्टा गेला, त्याच्या जागी चेन आली. भारतात २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टात आणि २०२२ मध्ये आलेल्या हायलक्समध्ये हीच इंजिने आहेत. चेन तेलात फिरते आणि ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही. मात्र तेल वेळेवर बदलले नाही तर ती आणि तिचा टेन्शनर झिजतात, आणि त्यासाठी डॅशबोर्डवर वेगळा दिवा नाही. जुनी क्वालिस किंवा पहिली इनोव्हा घ्यायला कोणी निघाले, तर पट्टा कितव्या किलोमीटरला बदलला याची पावती आधी मागायला सांगा. रंगकाम नंतर पाहता येते.