विम्याच्या जाळ्याबाहेर पडणारे दंतवैद्य
- प्रतिनिधी

जुलै २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील चार विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसह काही महानगरांतील अनेक बड्या रुग्णालयांची 'कॅशलेस' सुविधा बंद केली, तेव्हा उपचाराचा दर कोणी ठरवायचा हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी चर्चिला गेला. रुग्णालये अवाच्या सवा बिले लावतात, असे कंपन्यांचे म्हणणे होते. कंपन्यांचे दर परवडत नाहीत, असे रुग्णालयांचे. अमेरिकेत हाच वाद दातांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षे धुमसतो आहे. फरक इतकाच की, तेथे अनेकदा कंपनी दवाखान्याला वगळत नाही, तर दवाखानाच कंपनीला रामराम ठोकतो.

गंमत अशी की, हे जाळे विणण्यात दंतवैद्यांचाच हात होता. १९५४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दंतोपचारांची तरतूद मागितली. त्यातून वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतील दंतवैद्यांच्या संघटनांच्या पुढाकाराने सेवा-मंडळे उभी राहिली. आजच्या 'डेल्टा डेंटल' या बलाढ्य समूहाची ती पूर्वज होत. १९६५ साली ज्येष्ठांसाठी आलेल्या 'मेडिकेअर' योजनेतून नेहमीचे दंतोपचार वगळले गेले, आणि दातांचा विमा प्रामुख्याने नोकरीबरोबर मिळणारी सवलत म्हणून वाढत गेला.

खरे तर याला विमा म्हणावे का, हाच प्रश्न आहे. विमा मोठ्या संकटात कामी यावा, अशी आपली समजूत असते. दंतविम्याचा न्याय उलटा आहे. तपासणी व दातांची सफाई शंभर टक्के, दात भरणे ऐंशी टक्के, कॅप किंवा ब्रिजसारखी मोठी कामे पन्नास टक्के, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. आणि कंपनीने वर्षभरात द्यावयाच्या रकमेवर वरची मर्यादा असते. ही मर्यादा बऱ्याच योजनांत एक ते दोन हजार डॉलरच्या दरम्यान आहे. सत्तरच्या दशकातही ती हजार डॉलरच्या आसपासच होती. त्या दशकाच्या मध्यातील हजार डॉलरची खरेदीशक्ती आज जेमतेम एक-षष्ठांश उरली आहे. एक रूट कॅनॉल आणि त्यावरील कॅप झाली की वर्षाचा विमा संपला, असा अनुभव त्यामुळेच येतो.

सर्वाधिक प्रचलित आहे ती 'पीपीओ' पद्धत. दंतवैद्य कंपनीशी करार करतो, कंपनीने ठरवलेले दर स्वीकारतो आणि मोबदल्यात कंपनीच्या यादीत त्याचे नाव येते. नेहमीचा दर आणि कराराचा दर यांतील फरक त्याला सोडून द्यावा लागतो. तो रुग्णाकडून वसूल करता येत नाही. नव्या दवाखान्याला ही यादी वरदान ठरते, कारण रुग्ण आपोआप येतात. कुरकुर सुरू होते ती नंतर, हिशेबाच्या वहीपाशी.

उदाहरणादाखल शंभर डॉलरचे काम घेऊ. जागेचे भाडे, दंतसाहाय्यकांचे व सफाई करणाऱ्या हायजिनिस्टचे पगार, प्रयोगशाळेची बिले, साहित्य, यंत्रांचे हप्ते यांवर साठ डॉलर गेले असे धरू. दवाखान्याचा खर्च साधारण याच घरात असतो. उरले चाळीस. कराराचा दर पस्तीस टक्क्यांनी कमी असेल तर हाती पासष्टच येतात, पण खर्च साठच राहतो. म्हणजे दर पस्तीस टक्क्यांनी घटला, तर मिळकत चाळीसवरून पाचवर आली. ती भरून काढायची तर दिवसाला अधिक रुग्ण पाहावे लागतात, खुर्चीवरचा वेळ कापावा लागतो. काही जण नको असलेली कामे सुचवू लागतात, हेही नाकारून चालणार नाही. नेटवर्क सोडणाऱ्यांचे मुख्य म्हणणे हेच असते की, या दरात हवा तेवढा वेळ देता येत नाही. त्यात तथ्य आहे. मात्र पत्रात 'दर्जा' हा शब्द लिहिला की दरवाढ आपोआप समर्थनीय ठरते, असेही नाही.

बाहेर पडणे एका सहीचे काम नाही. करार संपवण्यासाठी लेखी नोटीस द्यावी लागते. तिची मुदत बहुधा दोन-तीन महिन्यांची असते. जाणकार दंतवैद्य सगळी नेटवर्क एकदम सोडत नाहीत. कोणत्या कंपनीकडून किती रुग्ण येतात आणि तिच्यासाठी वर्षाला किती रक्कम सोडावी लागते, याचा तक्ता मांडून सर्वांत कमी दर देणारी कंपनी आधी सोडतात. येथे एक खाचखळगा आहे. कंपन्या आपापली नेटवर्क एकमेकींना भाड्याने देतात. त्यामुळे थेट करार मोडूनही दुसऱ्याच एखाद्या नेटवर्कच्या दारातून तोच दवाखाना जुन्या कंपनीच्या यादीत कायम राहतो, तोही कदाचित आणखी कमी दराने. करारांची ही गुंतागुंत सोडवल्याशिवाय रुग्णांना पत्रे पाठवणे म्हणजे फजितीला निमंत्रण होय.

सगळ्या दंतवैद्यांनी मिळून बहिष्कार का टाकू नये, असे वाचकांच्या मनात येईल. तेथील कायदा त्याच्या आड येतो. इंडियाना राज्यातील दंतवैद्यांच्या एका महासंघाने विमा कंपन्यांना एक्स-रे द्यायचे नाहीत, असे संगनमताने ठरवले होते; १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पर्धाविरोधी ठरवले. प्रत्येक दवाखाना हा स्वतंत्र व्यावसायिक, म्हणून प्रत्येकाने आपापला निर्णय एकट्याने घ्यायचा. कंपनीकडे मात्र लाखो सभासद एकत्र असतात. दंतवैद्यांनी मग मतपेटीचा मार्ग धरला. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२२ च्या सार्वमतात, दंतविम्याच्या हप्त्यांतील किमान ८३ टक्के रक्कम उपचारांवर खर्च झाली पाहिजे, हा प्रस्ताव मोठ्या बहुमताने संमत झाला.

रुग्णाच्या खिशाचे काय? दवाखान्याचा कॅपचा दर १५०० डॉलर आणि कराराचा दर ९०० डॉलर आहे, असे समजा. नेटवर्कमध्ये कंपनी ४५० देते, रुग्णही ४५० देतो. दवाखाना बाहेर पडल्यावर काही योजना परिसरातील प्रचलित दर धरतात. तो १२०० मानला, तर कंपनी ६०० देते आणि रुग्णाला ९०० पडतात. काही योजना मात्र कराराचाच दर धरतात. मग कंपनीचे ४५० आणि रुग्णाचे १०५०. भरपाईचा धनादेश कधी दवाखान्याऐवजी थेट रुग्णाच्या घरी येतो, म्हणजे सगळे पैसे आधी त्यानेच मोजायचे. भरपाई दवाखान्यालाच द्यावी, असे काही राज्यांचे कायदे सांगतात. परंतु मालक स्वतःच्या निधीतून चालवतात त्या योजना १९७४ च्या केंद्रीय 'एरिसा' कायद्याखाली येत असल्याने राज्यांचे असे नियम त्यांच्यापुढे अनेकदा लंगडे पडतात.

रुग्ण टिकावेत म्हणून अनेक दवाखाने स्वतःची सभासद योजना काढतात. ठरावीक वार्षिक वर्गणीत दोन सफाया, तपासण्या, एक्स-रे आणि इतर कामांवर सूट मिळते. विमा नसलेल्यांना ती सोयीची पडते. 'तुमचा वाटा आम्ही सोडून देतो' असे सांगून कंपनीला मात्र पूर्ण बिल लावणे हा निराळा प्रकार आहे. तो व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही आणि फसवणुकीत मोडू शकतो.

शिक्षणकर्जाचे तीन लाख डॉलरच्या आसपासचे ओझे घेऊन व्यवसायात उतरणाऱ्या तरुण दंतवैद्याला हा मार्ग क्वचितच परवडतो. एकाच मोठ्या कारखान्याच्या योजनेवर जगणाऱ्या गावातील दवाखान्यालाही नाही. नेटवर्क सोडणे साधते ते बहुधा जुना, विश्वासाचा रुग्णवर्ग असलेल्यांना. आणि त्यांच्या दारातून परत फिरतात ते नेमके अधिकचे पाच-सहाशे डॉलर ज्यांच्यापाशी नसतात ते. सुट्टीत पुण्या-मुंबईला आल्यावर दातांचे काम उरकून घेण्याची अनेक अनिवासी मराठी कुटुंबांची रीत या गणितातूनच आली आहे.

तेथे राहणाऱ्या वाचकांनी दूरध्वनीवर 'तुम्ही आमचा विमा घेता का?' एवढेच विचारून थांबू नये. नेटवर्कबाहेरचे दवाखानेही 'घेतो' असे सांगतात, आणि ते खोटे नसते. ते क्लेम भरून देतात. 'या योजनेच्या नेटवर्कमध्ये आहात का?' असे विचारावे. मोठे काम असेल तर कंपनीकडून आधी लेखी अंदाज मागवावा. तो अंदाज म्हणजे पैसे देण्याची हमी नव्हे, ही ओळ त्याच कागदावर तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते.