घर पुन्हा बांधताना पाटी-दप्तराची जागा



2025 च्या पावसाळ्यानं काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव अशा गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली. सप्टेंबरात मांजरा आणि तेरणा पात्र सोडून रानात आल्या. पाणी ओसरल्यावर बायांनी आधी भिजलेलं धान्य उन्हात टाकलं, मग गोधड्या, आणि शेवटी दोरीवर मुलांच्या वह्या-पुस्तकं वाळत घातली. शाई पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली.

पंचनामा करणारे आले. भिंत किती पडली, धान्य किती गेलं, जनावर वाहून गेलं का, हे सगळं त्यांनी विचारलं. मुलगी अभ्यासाला कुठं बसत होती आणि आता कुठं बसणार, हे काही कुणी विचारलं नाही. त्यांचा दोष नाही, तसा रकानाच कागदावर नसतो. पण आता घरं परत उभी राहणार आहेत. म्हणून आज मी तुम्हाला जरा मागं नेणार आहे, कारण आपल्या भागानं एकदा गावंच्या गावं नव्यानं बांधली आहेत.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी, सास्तूर, त्या सगळ्या पट्ट्यातली जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली. मी तेव्हा पाचवीत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. आमच्या गावातली घरं पडली नाहीत, पण एकही भिंत धड राहिली नाही.

आपली जुनी घरं कशी होती, आठवतं का? दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण भिंतीच्या आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, आणि मधे माती नि कपऱ्या भरलेल्या. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. हादरा बसला तशा भिंती फुगून फुटल्या आणि वरचं माळवद त्या मातीसकट खाली आलं. ज्या मातीनं घर गार ठेवलं, तिनंच माणसं गाडली.

त्याच जाड भिंतीत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे देवळी. कुणी कोनाडा म्हणतं. एका देवळीत दिवा, एकीत देव, आणि खालच्या एका देवळीत आमची पाटी-दप्तरं. संध्याकाळी दिवा लागला की मी आणि अक्का त्या देवळीखाली भिंतीला टेकून बसायचो. अभ्यासाची खोली हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, पण अभ्यासाची जागा होती. आईनं हाक मारली तरी आजी म्हणायची, "पोरी लिवायल्यात, थांब जरा."

भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. दिवसा पत्रा तापायचा, पावसात इतका आवाज की बोललेलं ऐकू येईना. एकाच खोलीत चूल, अंथरुणं, म्हातारी माणसं. शाळाही शेडमध्येच. ज्यांचे आईवडील गेले, अशा मुलांसाठी नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी 'आपलं घर' उभं केलं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1200 मुलं शिकायला पुण्याजवळ वाघोलीला नेली. ही मोठी कामं झाली आणि त्यातून कितीतरी मुलं उभी राहिली. पण जी मुलं आईवडिलांजवळ शेडमध्येच राहिली, त्यांचं काय? आमची अक्का नववीत होती. घरात बसायला जागा नाही, पाण्याच्या रांगेला माणूस हवं, धाकट्यांना बघायला कुणी हवं. तिची शाळा कुणी बंद केली असं म्हणता येणार नाही. ती आपोआप सुटली. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं.

नंतर घरं बांधायला सुरुवात झाली. जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं मोठा कार्यक्रम हाती घेतला. 52 गावं जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसवली. तिथं घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. घरात शिकणारी मुलं किती, हे त्या हिशेबात नव्हतं. माझी मावशी अशाच एका नव्या गावात राहायला गेली. रुंद रस्ते, सरळ ओळी, पक्क्या भिंती. घर मजबूत होतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण पहिल्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, या भितींत देवळीच न्हाई. दिवा कुठं ठिवू आन् पोरांची दप्तरं कुठं?" नवी भिंत पातळ. तिच्यात देवळी येणार कुठून? मावशीनं खिळा ठोकून पिशव्या टांगल्या. दप्तर टांगलं खरं, पण दप्तराखाली बसायची जागा काही झाली नाही.

आमच्यासारख्या, न हललेल्या गावांची गोष्ट वेगळी. तिथं सरकार हप्त्याहप्त्यानं पैसे देणार आणि घर ज्याचं त्यानं दुरुस्त करून मजबूत करायचं, अशी योजना होती. अशी गावं हजाराच्या वर. प्रत्येक घरापर्यंत इंजिनिअर कसा पोचणार? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं एक गोष्ट पुढं आणली, की हे काम महिला मंडळाच्या बायांना द्या. मग गावोगावी बाया 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता कधी मिळतो, माळवदावरची माती का कमी करायची, भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, कोपऱ्याजवळ खिडकी का पाडायची नाही, हे त्या घराघरांत जाऊन सांगू लागल्या. तोवर बांधकाम म्हणजे गवंड्याचं आणि घरधन्याचं काम. बाईनं पाणी आणायचं, वाळू चाळायची, बस्स.

माझी आई संवाद सहायक नव्हती. पण त्या बैठकीला ती जायची, मागं बसायची. आमच्या भिंतीचं काम निघालं तेव्हा तिनं गवंड्याला सांगितलं, "इथं खिडकीच्या बाजूला एक फळी बशीव." वडील म्हणाले, फळीला पैसे कोण देणार? आई म्हणाली, "अक्काची गेली, हिची जाऊ देनार न्हाई." दीड हात लांबीची शहाबादी फरशी होती ती, बाकी काही नाही. त्या फळीखाली बसून मी दहावी झाले, म्हणून आज या माइकपुढं बसले आहे.

26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या याच बाया तिकडं गेल्या, तिथल्या बायांना सांगायला की घर बांधताना तुम्ही बघत उभ्या राहू नका, त्यात पडा. लिहायला-वाचायला फारशा शिकलेल्या नव्हत्या त्यातल्या कित्येक. पण बांधणाऱ्याला काय विचारायचं, हे त्यांना कळलं होतं.

तुम्ही म्हणाल, ताई, आमचं घर दोन खणांचं, त्यात कुठली जागा काढायची? तर त्यालाही आपल्याकडं जुना दाखला आहे. 1945 साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यात, जो भाग आता पालघरमध्ये आहे, बोर्डीला काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली गरिबाची मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढं 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथं वारली मुलं गुरांमागं जायची, तर त्यांनी कुरणावर शाळा नेली. 1975 मध्ये सरकारची योजना आली आणि आज आपल्या गावातल्या केंद्रावर तेच नाव लिहिलेलं असतं. आणि अगदी अलीकडं, 2020 मध्ये कोरोनानं शाळा बंद होत्या, तेव्हा सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. पोरं भिंतीपुढं उभी राहून वाचायची. म्हणजे जागा खोलीतच असली पाहिजे असं नाही. पण जागा ठरलेली पाहिजे.

आता पुरानंतर घर नीट करताना एवढं बघा. पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, त्याची खूण पुसायच्या आधी खडूनं रेघ मारून ठेवा. वह्या-पुस्तकांची फळी त्या रेघेच्या वर. भिंत आतून पुरती वाळल्याशिवाय रंग देऊ नका, नाहीतर ओल आत राहते, बुरशी येते आणि पुस्तकं परत खराब होतात. भिजलेल्या जुन्या भिंतीत नवी देवळी कोरू नका, भिंत कमजोर होते. नवी भिंत बांधत असाल तर बांधतानाच कडप्प्याची किंवा शहाबादी फळी धरायला गवंड्याला सांगा. मूल उजव्या हातानं लिहीत असेल तर खिडकी त्याच्या डाव्या हाताला यावी, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही. दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा. घरात जमत नसेल तर चार घरं मिळून एका ओसरीवर संध्याकाळी दिवा लावा आणि आळीपाळीनं एकेका बाईनं मुलांजवळ बसा. तिला वाचता येत नसलं तरी चालेल. आमच्या आजीला कुठं येत होतं?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत कर्ज आणि हप्ता झाल्यावर एक प्रश्न विचारा. ज्यांच्या घराचं काम चाललंय, त्यांच्या घरात पोरगी कुठं बसणार? ज्या घराला उत्तर नसेल, तिथं दोघी-तिघी मिळून जा, गवंडी कामावर असतानाच. भिंत उभी राहिल्यावर मग फक्त खिळाच ठोकता येतो.

अक्का आता पन्नाशीला आली. तिच्या सुनेनं परवा नव्या भिंतीत फळी बसवून घेतली. अक्कानं स्वतः तिच्यावर हात फिरवून बघितला, आणि नातीला म्हणाली, "बस इथं."