रणगर्जना आणि रणधैर्य

चेन्नईहून उत्तरेस आंध्र प्रदेशाकडे जाणाऱ्या वाटेवर गुम्मिडिपूंडी हे गाव लागते. कालहस्तीच्या देवळापासून चेन्नईच्या समुद्रकाठच्या किल्ल्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती ह्या गावापासून फारशी दूर जात नाही. इ. स. १६७७ च्या उन्हाळ्यात ह्या टापूतून शिवछत्रपतींची फौज दक्षिणेस उतरली. भागानगर, श्रीशैल, तिरुपती, कालहस्ती असे टप्पे घेत ती मद्रासजवळ पेद्दपालेम येथे येऊन ठेपली. किल्ल्यातील इंग्रजांकडे महाराजांनी काही औषधे आणि विषावर उतारा म्हणून मानले जाणारे जहरमोहरे मागितले. किंमत देण्याची तयारीही दाखविली. इंग्रजांनी ती नजराणा म्हणूनच पाठविली. व्यापाऱ्याला पाहुण्याचे बळ लवकर कळते!

परंतु त्या छावणीत खरे नवल होते ते मावळ्याचे. घरापासून दोनशे कोसांहून अधिक दूर, परका मुलूख, परकी भाषा, वैशाखाचे ऊन. अशा ठिकाणी त्याचे पाऊल कशाच्या बळावर पुढे पडत होते? ‘हर हर महादेव’ हे त्याचे सहज सुचणारे उत्तर. ही गर्जना घडली आहेच तशी. ‘हर हर’ हे दोन आखूड आघात आणि ‘महादेव’ हा लांबविता येणारा शब्द. एकाने उच्चारावे, हजारांनी उचलावे, आणि त्या एका श्वासात भेदरलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळावे.

रोमन सेनानींनी ह्या विषयाचा फार बारकाईने विचार केला होता. इ. स. पूर्व ४८ मध्ये फार्सालसच्या रणात पाँपीने आपल्या सैन्यास जागीच उभे राहून शत्रूचा हल्ला झेलण्याची आज्ञा दिली. सीझरने ही चूक मानली. शिंगे सर्व बाजूंनी वाजावीत आणि सर्वांनी एकदम आरोळी ठोकावी, ही पूर्वजांची रीत व्यर्थ नव्हे. तिने शत्रू दचकतो आणि आपले लोक पेटतात, असे त्याचे मत होते. पुढे व्हेजिशियस ह्या रोमन ग्रंथकाराने त्यावर मर्यादा घातली. दोन्ही सैन्ये भिडेपर्यंत आरोळी उठू नये. लांबूनच ओरडणारा एकतर नवखा असतो किंवा भित्रा. उत्तरकालीन रोमन सैन्याने जर्मन टोळ्यांकडून ‘बारिटस’ नावाची गर्जना उचलली. ती पुटपुटण्यापासून सुरू होई आणि खडकावर आदळणाऱ्या लाटेसारखी चढत जाई.

ह्या मर्यादेचे मर्म मावळ्यांना ग्रंथावाचून ठाऊक होते. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे सिंहगडाचा कडा चढला तो रात्री, मुक्याने. कड्यावर लोंबकळणाऱ्या माणसाने गर्जना केली असती तर गड जागा झाला असता. शस्त्राला शस्त्र भिडल्यावरच कंठ मोकळा करायचा. तानाजी पडल्यावर बिथरलेले लोक सूर्याजीने सावरले आणि गड घेतला. राजगडावर विजयाची वार्ता पोहोचली तीही आरोळीने नव्हे, तर पागांना लावलेल्या आगीच्या उजेडाने.

शब्दाची धार उलटूही शकते. बहलोलखानास निसटू दिल्याबद्दल महाराजांनी प्रतापराव गुजरांस कडक शब्दांत फटकारले. तो बोल त्या मानी सरनोबताच्या जिव्हारी लागला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ तो खानावर तुटून पडून मारला गेला. शौर्याला तोड नव्हती. पण स्वराज्याने सेनापती गमावला. सीझरला हेच साधन अधिक सावधपणे वापरता आले होते. वेसाँतियो येथे जर्मनांच्या धास्तीने त्याचे सैन्य कचरले, तेव्हा तो म्हणाला की कोणी आले नाही तरी एकट्या दहाव्या लीजनला घेऊन मी निघेन. दहावी फुलली, बाकीच्या लाजल्या, आणि सारे सैन्य निघाले.

तरीही गर्जना आणि भाषण ही क्षणाची साधने. वेलोरचा वेढा वर्षाहून अधिक चालला आणि १६७८ मध्ये किल्ला हाती आला. इतके महिने खंदकाकाठी माणूस घोषणेवर तग धरीत नाही. तेथे वेतन लागते, आणि मागे घरच्यांचे काय होईल ह्याची निश्चिंती लागते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर ह्याच कर्नाटकात, जिंजीस राजाराम महाराजांच्या आश्रयाने लिहिली. अफझलखानाच्या पाडावानंतरची व्यवस्था तो हिशेबनीसाच्या काटेकोरपणे नोंदवितो: जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस, कामी आलेल्यांच्या मुलांचे पालन, पुत्र नसेल त्याच्या पत्नीस अर्धे वेतन, पराक्रम केलेल्यांस हत्ती, घोडे, कडी, तोडे. रोमनही तटावर प्रथम चढणाऱ्यास सोन्याचा मुकुट देत आणि सहकाऱ्याचे प्राण वाचविणाऱ्यास ओकच्या पानांचा. मान ह्या पानांच्या मुकुटाचा मोठा होता. अर्ध्या वेतनाची ती नोंद मात्र बखरीतील कोणत्याही रणवर्णनापेक्षा अधिक बोलकी आहे. तिच्यावाचून गर्जना पोकळ ठरती.

ती पोकळ नव्हती ह्याची साक्ष पुढे खुद्द इटलीत मिळाली. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव सेनियो नदी ओलांडणाऱ्या पहिल्या तुकडीत होता. जवळच्या बहुतेक सोबत्यांस गोळ्या लागल्या. दोन जखमी सोबत्यांना त्याने पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे सुखरूप पोहोचविले आणि परत येऊन एकट्याने तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली. हात जखमी झाला, बंदूक चालविता येईना, तेव्हा हातबाँब फेकले. हे सारे झाल्यावर तो नदीच्या बांधावर चढला, मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना हाताने पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सीझरने ओलांडलेली रुबिकॉन त्या बांधापासून फारशी दूर नाही.