वऱ्हाडातील जिन-प्रेस : जुन्या यंत्रांच्या दीर्घायुष्याचा इतिहास

शेतातला कापूस गिरणीपर्यंत पोहोचण्याआधी त्यावर दोन कामे होतात. सरकी आणि रुई वेगळी करायची, मग त्या रुईची दाबून गाठ बांधायची. पहिले काम जिनिंगचे, दुसरे प्रेसिंगचे. अमरावती-अकोल्याच्या बोलण्यात दोन्ही मिळून जिन-प्रेस. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या धंद्याने हातरेचा पाहिला, वाफेवरचा एकेरी रोलरचा जिन पाहिला, तेलाचे इंजिन, विजेची मोटर आणि अलीकडचा दुहेरी रोलरचा स्वयंचलित जिनही पाहिला. मात्र नवे यंत्र बाजारात आले म्हणून जुने मोडीत निघाले, असे वऱ्हाडात क्वचितच घडले. कालबाह्य यंत्रे कित्येक दशके चालत राहिली आणि निघाली तेव्हा एकदम निघाली. त्याचे कारण यंत्रांच्या झिजेत कमी आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थांमध्ये जास्त सापडते.

हातरेचा हे घरातले यंत्र होते. एक लाट लाकडाची, एक लोखंडाची बारीक, दोन्ही उलट दिशांनी फिरणाऱ्या; त्यांच्या फटीत कापूस धरला की रुई पलीकडे ओढली जाई आणि सरकी अलीकडे पडे. हे काम मुख्यतः बायकांचे. दिवसभर राबून हाती काही शेर रुई येई. वेग हीच त्याची मोठी उणीव होती. पण त्याचे दोन गुण पुढच्या कोणत्याही यंत्राला पूर्णपणे साधले नाहीत: धागा तुटत नसे, आणि आपल्या शेतातले बी आपल्याच घरात, दुसऱ्या वाणात न मिसळता राहत असे. रुईचे सैल बोजे बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. वाटेत धूळ, पाऊस आणि चोऱ्या यांनी माल खराब होई.

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला अचानक मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोहोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके थेट मुंबईच्या मार्गावर आली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे निघाले. तांड्यांचा कापूसव्यापार काही वर्षांत संपला. वऱ्हाडातल्या कालबाह्यतेचा हा पहिला मोठा आघात होता, आणि त्यात ज्यांची उपजीविका गेली त्यांच्यासाठी कोणतीही तरतूद झाली नाही. पुढे इंग्रज सरकारने बंजाऱ्यांपैकी अनेक समूहांकडे गुन्हेगारीच्या संशयाने पाहिले, हे या इतिहासातले कठोर प्रकरण आहे.

रेल्वेमुळे गाठीचे महत्त्व वाढले. डब्यात आणि जहाजात भाडे जागेवर लागते. सैल बोजा परवडत नाही. म्हणून आधी प्रेस आणि तिच्या जोडीने जिन, असे वाफेवरचे कारखाने स्थानकांच्या आसपास उभे राहिले. सरकी काढण्यासाठी दोन तऱ्हेची यंत्रे उपलब्ध होती. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी १७९४मध्ये पेटंट घेतलेला करवतीचा जिन वेगवान होता, पण वऱ्हाडी कापसाच्या आखूड धाग्याला तो मानवत नव्हता. फोन्स मॅकार्थी यांनी १८४०मध्ये पेटंट घेतलेला रोलरचा जिन इथे रुजला. त्यात कातड्याने मढवलेला रोलर रुई ओढतो, एक पाते स्थिर राहते आणि दुसरे खालीवर हलून सरकी झटकते. तत्त्व हातरेच्याच जवळचे. म्हणूनही तो इथल्या कापसाला सोसला. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखान्यांनी हे जिन भारतात मोठ्या संख्येने पाठवले.

जिनच्या इमारतीची एक ठरावीक रचना होती. लांबट इमारतीत जिनांच्या रांगा, त्यांना फिरवणारा एकच लांब दांडा, दांड्यापासून प्रत्येक जिनला गेलेले चामडी पट्टे, बाजूला बॉयलर आणि उंच धुरांडे. प्रत्येक जिनसमोर एक बाई उभी राहून कापूस घालत असे. आवारातल्या ढिगापासून जिनपर्यंत आणि जिनपासून प्रेसपर्यंत माल डोक्यावरच्या पाट्यांतून जाई. ते वाहणाऱ्याही बहुतांशी बायकाच. हंगाम दिवाळीनंतरचा, काही महिन्यांचा. वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने १९११च्या कायद्यापर्यंत फॅक्टरी कायद्याच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे भर हंगामात कामाच्या तासांना जवळजवळ धरबंध नव्हता. घरातला रेचा सुटलेली बाई कारखान्यात आली ती अशा कामावर.

यंत्राने धाग्याचे आणि बियाचे काय केले, हेही पाहावे लागते. वऱ्हाड आणि हिंगणघाट भागातील ‘बनी’ हा कापूस लांब, मऊ धाग्यासाठी नावाजलेला होता. इंग्रज अधिकारी तो टिकवू पाहत होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांचे १८६०च्या दशकातले अहवाल या चिंतेने भरलेले आहेत. पण बनीत रुईचे प्रमाण कमी. भरड, आखूड धाग्याच्या वाणांत ते कितीतरी जास्त, शिवाय ते वाण अधिक काटक. बाजार रुईच्या वजनाला पैसे देत होता, धाग्याच्या लांबीला फारसे नाही. शेतकऱ्याने भरड वाण पसंत केला तो हिशेबाने, आणि तो हिशेब बरोबर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कृषी खात्यानेही ‘रोझियम’ या जास्त रुई देणाऱ्या वाणाचाच प्रसार केला. दुसरीकडे जिनमध्ये दहा गावांची सरकी एकत्र पडून तीच पुन्हा बियाणे म्हणून शेतात जाई, त्यामुळे वाणांची सरमिसळ होत राहिली. जुना वाण असा दोन्ही बाजूंनी मागे पडला. लिव्हरपूलच्या बाजारात मात्र या प्रदेशाचा भरड कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून दीर्घकाळ विकला गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वऱ्हाडात जिन-प्रेसची गर्दी झाली. राली ब्रदर्स आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या युरोपीय पेढ्या, मुंबईचे व्यापारी, मारवाडी सावकार, सगळ्यांनी यात पैसा घातला. पीक तेवढेच आणि यंत्रे मात्र गरजेहून कितीतरी जास्त, अशी स्थिती आली. अशा वेळी चढाओढीत जुने, मंद आणि महागडे कारखाने बंद पडावेत, ही अपेक्षा स्वाभाविक. वऱ्हाडात झाले उलटे. गावोगावच्या मालकांनी ‘पूल’ बांधले. पूल म्हणजे दर एकत्र ठरवायचे, जिनांच्या संख्येप्रमाणे प्रत्येकाचा हिस्सा आखायचा, मोजके कारखाने चालवायचे आणि नफा सर्वांत वाटायचा. बंद राहिलेल्या कारखान्यालाही त्याचा वाटा मिळे. जुने यंत्र न चालवता पैसे देऊ लागले. त्याहून विपरीत म्हणजे केवळ पुलात हिस्सा मिळावा म्हणून नवे कारखानेही बांधले गेले. हा सगळा खर्च जिनिंगच्या चढ्या दरातून निघे, आणि तो दर शेवटी शेतकऱ्याच्या कापसाच्या भावातून वळता होई. जास्तीच्या यंत्रांचे ओझे वाटून घेण्याची ही पद्धत मालकांच्या दृष्टीने हुशारीची होती. धंद्याच्या दृष्टीने तिने सुधारणेची गरजच काढून टाकली.

कायद्याने या काळात यंत्रापेक्षा व्यवहाराकडे लक्ष दिले. कारंजा येथील बाजाराचे नियमन १८८६मध्ये सुरू झाले आणि १८९७मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. देशातल्या नियंत्रित बाजार समित्यांची ही सुरुवात मानली जाते. १९२१मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२५मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि क्रमांक हवा, म्हणजे भेसळ कोणत्या कारखान्यात झाली ते शोधता येईल, असे त्याने ठरवले. इमारतीबाबतही काही अटी आल्या. जिन कोणता, किती जुना, किती धागा तोडणारा, याबद्दल त्यात फारसे काही नव्हते.

जुने टिकवून ठेवणाऱ्या करारांचे सर्वांत ठळक उदाहरण कारखान्याच्या फाटकाबाहेर, रुळांवर होते. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ‘शकुंतला’ रेल्वे कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बांधली गेली. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, व्यवस्थापन किलिक निक्सन या पेढीचे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग कंपनीकडेच राहिला. गाड्या भारतीय रेल्वेच्या आणि रूळ कंपनीचे. रुळांत पैसा घालण्याचे कारण दोघांपैकी कोणालाच उरले नाही. १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४पर्यंत धावले, मग डिझेल आले. तोवर कापूस ट्रककडे वळून जमाना झाला होता. पुढे गाड्याही थांबल्या. सत्तर वर्षे चाललेल्या त्या इंजिनाचे कौतुक रास्त आहे, ते सांभाळणाऱ्या कामगारांचे तर अधिकच. परंतु त्या दीर्घायुष्याला करारातली कोंडी कारणीभूत होती, हे विसरता येत नाही.

फाळणीनंतर लांब धाग्याच्या कापसाचा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला आणि देशातल्या गिरण्यांना लांब धागा देशातच पिकवणे भाग पडले. वऱ्हाडच्या शेतात भरड देशी कापसाची जागा हळूहळू अमेरिकी वाणांनी आणि १९७०नंतर संकरित वाणांनी घेतली. अकोल्याला १९६९मध्ये स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा त्यात मोठा हात आहे. बोंड बदलले, धागा बदलला. जिन मात्र तेच राहिले. बॉयलरच्या जागी तेलाचे इंजिन आणि नंतर विजेची मोटर आली, पण दांडा, पट्टे आणि एकेरी रोलर आजोबांच्या काळचेच होते. असा एक जिन तासाला वीसेक किलो रुई देई.

१९७१च्या कायद्यानुसार राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवून हमीचा भाव देणे, हा तिचा हेतू होता, आणि अनेक वर्षे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तिचा आधार वाटला हेही खरे. जिन-प्रेसच्या बाबतीत तिचा परिणाम पुलासारखाच झाला. कापूस सरकारचा, कारखाना कराराने ठरवलेला, दर वरून आलेला. चांगली रुई काढणाऱ्याला आणि कचऱ्यासह गाठ बांधणाऱ्याला तोच दर. जुना जिन बदलून मालकाला काहीही जास्त मिळणार नव्हते, तेव्हा त्याने तो बदलला नाही. आवारात मातीवर पडलेले ढीग, तागाचे धागे, केस, प्लॅस्टिकचे तुकडे मिसळलेली रुई अशी या भागाच्या गाठींची ख्याती झाली. गिरणीमालक बोली लावताना त्याचा कट आधीच धरत. तीन दशकांनंतर, २००२च्या सुमारास, खासगी खरेदीची वाट मोकळी झाली आणि एकाधिकार नावापुरता उरला.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०००मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले होते. त्याचा चौथा भाग जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणाचा. अनुदानाच्या बदल्यात अटी होत्या: पक्के ओटे, कापूस आणि रुई वाहून नेणारी यंत्रणा, सफाईयंत्रे, दुहेरी रोलरचे जिन, स्वयंचलित प्रेस. नागपुरातच असे जिन बनवणारा उद्योग वाढलेला असल्याने यंत्रे आणि सुटे भाग परदेशातून मागवण्याची वेळ आली नाही. नागपूरचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र फिटर तयार करत होते. नवा जिन जुन्याच्या कित्येक पट रुई देतो. कातडी रोलरमुळे क्रोमची भुकटी रुईत मिसळे. ती टाळण्यासाठी मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबर आणि सुती कापडाचा रोलर तयार केला. एकाधिकाराचे संरक्षण उठले आणि अनुदान आले, ही दोन्ही कारणे एकत्र आल्यावर वऱ्हाडातले एकेरी जिन दहाएक वर्षांत भंगारात गेले. शहरांच्या मध्यावरची जुनी आवारे प्लॉट पाडून विकली गेली. नवे कारखाने हमरस्त्यावर गेले.

या बदलाचा हिशेब मांडताना एक बाजू नेहमी रिकामी राहते. मालकाला पुलाच्या काळात वाटा मिळाला, अभियानाच्या काळात अनुदान. जिनसमोर कापूस घालणारी आणि पाट्या वाहणारी बाई दोन्ही वेळा हिशेबात नव्हती. कापूस वाहून नेणाऱ्या नव्या यंत्रणेने तिचे काम घेतले, आणि हंगामी मजूर म्हणून तिचे नाव बहुधा कोणत्याच भरपाईच्या यादीत नव्हते. यंत्र बदलणे आवश्यक होते. या बाईचा विचार करणेही तेवढेच आवश्यक होते, आणि तो झाला नाही.

कापडगिरण्यांची वाट थोडी निराळी. अकोल्याच्या सावतराम रामप्रसाद आणि मोहता या गिरण्या, तसेच अचलपूरची विदर्भ मिल १९७४च्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. यंत्रे जुनी आणि तोटा वाढता असल्याने कालांतराने त्या बंद झाल्या. इथे निदान कायम कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली. अचलपूरला मात्र महामंडळाने नवा प्रयोग केला. मुंबईच्या फिनले मिलच्या नावाने तिथे आधुनिक यंत्रांची नवी गिरणी २०१०च्या सुमारास उभी राहिली आणि कापूस पिकतो तिथेच सूत निघू लागले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातील गिरण्यांबरोबर तीही थांबली. तिची यंत्रे तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. गिरणी पुन्हा सुरू करावी, ही मागणी अचलपूर-परतवाड्याचे कामगार तेव्हापासून करत आले आहेत.