पाळीव कासव आजारी आहे, हे ओळखावे कसे?

मुंबई-पुण्यातील अनेक घरांत काचेच्या टाकीत एखादे हिरवे कासव दिसते. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हे कासव 'रेड-इअर्ड स्लायडर' या नावाने ओळखले जाते आणि ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आहे. नीट सांभाळल्यास ते २० ते ३० वर्षे जगू शकते. मात्र त्याचे आजारपण सहज लक्षात येत नाही. दुबळा दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तावडीत आधी सापडतो. त्यामुळे सरपटणारे प्राणी शक्य तितका काळ आजार लपवतात. लक्षण दिसू लागते, तेव्हा आजार बऱ्याचदा जुना झालेला असतो. म्हणूनच 'दोन-चार दिवस वाट पाहू' हा विचार येथे घातक ठरतो.

आजाराचे मूळ टाकीत

कासवाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि पाण्याबाहेर ऊन खाण्याची कोरडी जागा ३० ते ३२ अंश असावी. हाडे व कवच बळकट राहण्यासाठी यूव्हीबी हे अतिनील किरण आवश्यक असतात. खिडकीच्या काचेतून ते जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे काचेआडचे ऊन उपयोगाचे नाही. केवळ सुकी कोळंबी खाऊ घातल्यास जीवनसत्त्व अ व कॅल्शियमची उणीव निर्माण होते. अस्वच्छ पाणी हे जंतुसंसर्गाचे मोठे कारण आहे.

ही लक्षणे दिसल्यास सावध व्हा

* पापण्या सुजून डोळे मिटलेले राहणे. हे जीवनसत्त्व अ च्या अभावाचे किंवा संसर्गाचे लक्षण असते. दिसत नसल्याने कासव खाणेही सोडते.
* डोक्याच्या बाजूला, कानाच्या जागी गाठ येणे. आत घट्ट पू साठलेला असतो व त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.
* कवच मऊ पडणे किंवा वेडेवाकडे वाढणे. अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे लवचिक असते. मोठ्या कासवाचे तसे नसावे.
* कवचावर खड्डे, दुर्गंधी किंवा स्राव. पातळ, पारदर्शक पापुद्रे निघणे मात्र स्वाभाविक आहे.

पुढील लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा: तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे येणे, एका बाजूला कलून पोहणे (हा न्यूमोनिया असू शकतो), पोटाकडील कवच लालसर होणे, गुदद्वारातून अवयव बाहेर येऊन आत न जाणे, तसेच मादीने अस्वस्थपणे मागील पायांनी उकरत राहून नंतर निपचित पडणे. नर नसतानाही मादीच्या पोटात अंडी तयार होतात आणि ती अडकू शकतात.

हिवाळ्यात कासव खात नसल्यास 'शीतनिद्रा' म्हणून दुर्लक्ष केले जाते. घरातील अर्धवट थंडीत ती खरी शीतनिद्रा नसते. अंग गार पडल्याने पचन व रोगप्रतिकारशक्ती मंदावलेली असते.

तातडीने काय करावे?

अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरू शकते. त्यामुळे त्याला उथळ, कोमट पाण्यात किंवा कोरड्या, उबदार जागी ठेवावे व इतर कासवांपासून वेगळे करावे. बाहेर आलेला अवयव स्वच्छ ओल्या कापडाने झाकावा. स्वतः आत ढकलू नये. दवाखान्यात नेताना हवेसाठी छिद्रे असलेल्या डब्यात ओलसर कापड अंथरावे. पाणी भरू नये. टाकी, दिवा व खाद्य यांची छायाचित्रे सोबत न्यावीत. निदानासाठी त्यांचा मोठा उपयोग होतो. सर्वच पशुवैद्यक सरपटणारे प्राणी तपासत नाहीत. तेव्हा असा डॉक्टर प्राणी निरोगी असतानाच शोधून ठेवावा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांकडे चौकशी करता येईल.

हे टाळा

माणसांची किंवा कुत्र्यांची औषधे देऊ नयेत. जंत व गोचिडांवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांसाठी प्राणघातक ठरते. जीवनसत्त्व अ चा अतिरेकही अपायकारक असून त्याने कातडी सोलवटते. जबरदस्तीने खाऊ घालू नये.

घरच्यांचीही काळजी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकी स्वयंपाकघरात धुऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांना कासवापासून दूर ठेवावे.

आजारी किंवा नकोसे झालेले कासव तलावात सोडणे हा उपाय नव्हे. जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचा समावेश असून स्थानिक कासवांना त्याच्यापासून धोका आहे. स्टार कासवासारख्या भारतीय प्रजाती घरात पाळणे हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. असे कासव आढळल्यास वनविभागाशी संपर्क साधावा.