औषध आणि ऐपत

रोगाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा वैद्यांचीं व संशोधकांचीं नांवें घेतों. एड्सच्या इतिहासांत मात्र रोग्यांनाही मानाचें पान द्यावें लागतें. औषध निघाल्यावर तें गरिबाच्या हातीं पडावें म्हणून जो झगडा झाला, त्यांत तेच अग्रभागीं होते.

जून १९८१ मध्यें अमेरिकेंत या रोगाची पहिली नोंद झाली. १९८७ सालीं पहिल्या औषधास तेथें मान्यता मिळाली. त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरांत रोगी व त्यांचे स्नेही यांनीं 'ॲक्ट अप' ही संघटना स्थापिली आणि औषधांच्या परीक्षणांतील दिरंगाई व त्यांची भरमसाट किंमत यांविरुद्ध निदर्शनें आरंभिलीं. १९९६ पासून अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली, आणि अंथरुणास खिळलेलीं माणसें कामावर परतूं लागलीं. परंतु या उपचारास वर्षाकाठीं दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई.

ज्या आफ्रिकेंत रोगी सर्वांत अधिक, तेथें हें औषध असून नसल्यासारखेंच होतें. दक्षिण आफ्रिकेनें १९९७ सालीं औषधें स्वस्त मिळावीं म्हणून कायदा केला, तेव्हां सुमारें चाळीस औषध-कंपन्या सरकारविरुद्ध न्यायालयांत गेल्या. १० डिसेंबर १९९८ रोजीं केप टाउन येथें झॅकी अखमत व त्यांचे सहकारी यांनीं 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही संस्था काढली. अखमत स्वतः रोगी होते. सरकारी दवाखान्यांत गरिबांस मिळेपर्यंत आपणही हीं औषधें घ्यावयाचीं नाहींत, असा त्यांनीं निश्चय केला.

येथें मुंबईचा संबंध येतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें मक्ता औषध करण्याच्या कृतीवर मिळे, प्रत्यक्ष औषधावर नव्हे. निराळ्या कृतीनें तेंच औषध करण्याची मोकळीक होती. तिच्या बळावर मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनीं फेब्रुवारी २००१ मध्यें एका रोग्यास वर्षभर पुरणारीं तीन औषधें अवघ्या ३५० डॉलरांत एका सेवाभावी वैद्यक-संस्थेस देऊं केलीं. एप्रिलमध्यें, लोकमताचा दाब वाढल्यावर, कंपन्यांनीं आपला दावा काढून घेतला. पुढें तेथील सरकारच चालढकल करूं लागलें, तेव्हां संस्था त्याच्याविरुद्धही उभी राहिली, आणि जुलै २००२ मध्यें घटना-न्यायालयानें गर्भवती मातांस औषध देण्याचा हुकूम दिला.

मुंबईच्या कंपनीनें स्वस्त केलेला हा उपचार भारताच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळूं लागला तो १ एप्रिल २००४ पासून. औषध निघाल्याची तारीख आणि तें गरिबाच्या दारीं पोहोंचल्याची तारीख, या दोन्ही तारखा इतिहासानें वेगळ्या नोंदविल्या पाहिजेत. १९९६ आणि २००४ यांमधील आठ वर्षांत जे गेले, त्यांतील कितीतरी जण औषध नव्हतें म्हणून नव्हे, ऐपत नव्हती म्हणून गेले. २००५ पासून आपल्या कायद्यानें नव्या औषधावरही मक्ता मिळतो. तेव्हां हा प्रश्न मिटला, असें कोणीं समजूं नये.